कांदा, कायदा आणि लोणंदचा गुरुवार

सकाळी साडेसहा

लोणंदच्या एका पॅकिंग शेडमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. माल एकच, कांदा. खरेदी इथल्या बाजार समितीत, निवड आणि भरणी शेडवर, आणि तिथून कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे. चहा उकळेपर्यंत मी फोनवर डीजीएफटीचं, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचं संकेतस्थळ उघडते आणि रात्रीत नवी अधिसूचना आली आहे का ते बघते. बाजारभाव कळायला अजून चार तास आहेत, पण आज माल देशाबाहेर जाऊ शकतो की नाही हे आत्ताच कळायला हवं.

निर्यात रोखण्याचा सरकारचा अधिकार येतो परकीय व्यापार (विकास आणि नियमन) कायदा, १९९२ मधून. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार केंद्र सरकार राजपत्रातल्या एका आदेशाने कुठल्याही मालाची आयात किंवा निर्यात थांबवू शकतं किंवा तिच्यावर अटी घालू शकतं. कोणता माल कसा जाईल याची एक लांबलचक यादी असते. माल ‘मुक्त’ असेल तर नेहमीच्या कागदांवर जातो, ‘निर्बंधित’ असेल तर परवाना काढावा लागतो आणि ‘निषिद्ध’ ठरला की विषय संपला. कांदा शीर्षक ०७०३ खाली येतो. गेल्या काही वर्षांत तो या रकान्यांमधून वारंवार इकडून तिकडे गेलेला आहे.

आज डिसेंबर २०२५ मधला गुरुवार. कांदा ‘मुक्त’ आहे. किमान निर्यात मूल्याची अट नाही. निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून शून्य. नवीन काही आलेलं नाही. मालकांना तसा मेसेज टाकते आणि आवरायला लागते.

सकाळी आठ

गुरुवार हा लोणंदचा बाजाराचा दिवस. एकीकडे शेळ्या-मेंढ्यांचा बाजार, दुसरीकडे आठवडी बाजार, आणि बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या. खंडाळा, फलटण, कोरेगाव, पलीकडे बारामती, पुरंदर. नीरेच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून पिकअप आणि टेम्पो येतात. बरेच शेतकरी रात्रीच येऊन गोण्यांशेजारी कांबळं टाकून झोपलेले असतात.

या दिवसांत आवक असते हळव्या कांद्याची. हा पावसाळी कांदा, रंगाने गडद लाल. अंगात पाणी जास्त आणि पत्ती पातळ, त्यामुळे टिकाऊपणा कमी. काढला की काही आठवड्यांत विकायलाच लागतो, नाहीतर कोंब येतात. गरव्याचं तसं नाही. तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत भरून ठेवला तर दिवाळीपर्यंत साथ देतो. निर्यातीच्या नियमांबद्दल बोलताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. बंदी आली तर गरव्यावाला चाळीचं दार लावून थोडी वाट बघू शकतो. हळव्यावाल्याला वाट बघायची सोयच नसते.

सकाळी साडेदहा

लिलाव सुरू होतो. अडत्याचा माणूस वक्कलापुढे, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाच्या थप्पीपुढे उभा राहतो, हमाल एका गोणीचं तोंड सोडून कांदे पुढे ओततो आणि खरेदीदारांचं कोंडाळं वाकतं. आमचे मालक ओतलेल्या वरच्या कांद्याला कधी हात लावत नाहीत. गोणीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून खालचा एक कांदा काढतात. अंगठ्याने मान दाबून बघतात, मान मऊ लागली तर माल ओला आहे. मग पत्ती सोलून काजळी, म्हणजे काळी बुरशी शोधतात, शेवटी खिशातल्या चाकूने आडवा कापून बघतात. आत एकच डोळा असेल तर कांदा एकसंध, दोन असतील तर दुभाळका. दुभाळका बोटीवर चालत नाही, वाटेत फुटून सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो.

या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. लगेच बोली. मी वहीत वक्कल क्रमांक, गोण्या आणि भाव लिहीत जाते. बोली बोलताना मालकांच्या डोक्यात उलटा हिशोब चालू असतो: दुबईच्या व्यापाऱ्याने दिलेला डॉलरमधला दर, त्यातून जहाजभाडं, बंदराचा खर्च, कंटेनरची वाहतूक, बारदान, मजुरी, घट. उरेल तो लोणंदचा भाव. त्या साखळीत सरकारने एक शुल्क घातलं की ते दुबईवाला भरत नाही. तो पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा घेतो. शुल्क शेवटी या ओतलेल्या कांद्याच्या भावातून वजा होतं, आणि ज्याच्या भावातून वजा होतं तो शेतकरी समोरच उभा असतो.

दुपारी बारा

शेडवर निवड चालू आहे. पंधरा-वीस बायका पाटाभोवती बसून कांदे निवडतात. हातात लोखंडी कड्या असतात, ४५ आणि ५५ मिलिमीटरच्या. सवय झालेल्या मावशींना कडी लागतही नाही, कांदा तळहातावर आला की आकार कळतो. ५५ च्या वरचा एका ऑर्डरला, त्याखालचा दुसरीला. बारीक गोल्टी आणि चिंगळी, दांडा आलेले डेंगळे आणि दुभाळके बाजूला पडतात, ते स्थानिक बाजारात जातात. निवडलेला माल जाळीच्या पिशव्यांत भरला जातो. पिशवीला देशाचं नाव, वजन आणि निर्यातदाराच्या तपशिलाचं लेबल.

एवढ्यात सकाळी ज्यांचा माल आम्ही घेतला ते एक आबा पट्टीबद्दल, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीबद्दल विचारायला शेडवर येतात. पट्टीचं काम होतं, तरी ते जागचे हलत नाहीत.

“पोरी, तू ते दिल्लीचं बघतीस ना फोनवर? मग सांग, गरवा किती लावू? रोप तयार हाय. दीड एकर का अडीच?”

मला उत्तर देता येत नाही. गरव्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलेलं असतं, लागण आता डिसेंबर-जानेवारीत. पीक हातात येणार मार्चच्या पुढे आणि त्यातला बराचसा विकला जाणार पावसाळ्यात. म्हणजे आबा आज जो निर्णय घेणार त्याचे पैसे पुढच्या सहा ते दहा महिन्यांत येणार. मी फोनवर बघू शकते तो फक्त आजचा नियम.

दुपारी दोन

फायटोची तपासणी. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राला इथे सगळे फायटोच म्हणतात. आपल्या मालातून कीड, रोग किंवा माती दुसऱ्याच्या देशात जाऊ नये म्हणून १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेलं हे प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन केलेला असतो. अधिकृत अधिकारी थप्पीतून मधल्या पिशव्या काढायला सांगतात, कांदे पांढऱ्या कागदावर ओततात, मुळांशी माती चिकटली आहे का, फुलकिडे आहेत का, काजळी किती आहे ते बघतात.

ही तपासणी कडक असते आणि तिच्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. कारण काय तपासलं जाणार हे महिनाभर आधीपासून माहीत असतं. माती लागलेला माल आम्ही बाजारातच सोडून देतो. नियम आधी कळला की शेतापासून शेडपर्यंत सगळे त्याप्रमाणे वागतात.

दुपारी तीन

आता टेबलावरचं काम. बीजक, पॅकिंग यादी, आयात-निर्यात कोड, अपेडाची नोंदणी, बँकेचा तपशील, फायटोची प्रत. हे सगळं न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटाकडे जातं आणि तो कस्टमच्या प्रणालीत शिपिंग बिल भरतो. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या ५०व्या कलमाखाली हे बिल, आणि ५१व्या कलमाखाली अधिकाऱ्याने ‘निर्यात करू द्या’ असा आदेश दिला की माल जहाजावर चढू शकतो.

कांद्यावर सरकारचा हात एकाच खात्याचा नसतो. बंदी आणि किमान निर्यात मूल्य वाणिज्य मंत्रालयाकडून येतं, शुल्क अर्थ मंत्रालयाकडून. व्यापाऱ्याने किती साठा करावा हे ग्राहक व्यवहार खातं अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली ठरवतं. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा घातली होती. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठा खरेदी करणं आणि तो शहरांत सोडणं हेही त्याच खात्याकडे. २०२३ मध्ये हा साठा ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेला गेला.

या साधनांचा हिशोब कसा बसतो ते माझ्या जुन्या फायलीत दिसतं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेली निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य होतं टनाला ५५० डॉलर आणि त्यावर ४० टक्के शुल्क. ५५० वर २२० डॉलर शुल्क, म्हणजे ७७० डॉलरच्या खाली कांदा देशाबाहेर पडूच शकत नव्हता. त्या वेळच्या दराने किलोला साधारण ६४ रुपये. कागदावर निर्यात खुली होती, पण त्या भावात घेणारे मोजकेच होते. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. उरलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ ला गेलं, आणि तोवर त्या वर्षीचा गरवा काढणीला आला होता.

दुपारी साडेचार

चहाच्या वेळी डिसेंबर असला की बोलणं हमखास २०२३ वर येतं. त्या वर्षीचा ऑगस्ट शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला. खरिपाचा कांदा लांबला, शहरांत भाव चढले. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क आलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान मूल्य. आणि ७ डिसेंबरच्या तारखेने डीजीएफटीची अधिसूचना निघाली, कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत निषिद्ध. ७ डिसेंबरला गुरुवार होता.

त्या अधिसूचनेत सवलती होत्या, आणि त्या काळजीपूर्वक वाचाव्या लागतात. आदेशाआधी जहाजावर भरणी सुरू झालेला माल जाऊ शकत होता. शिपिंग बिल भरलेलं असेल आणि जहाज बंदरात लागून त्याला क्रमांक मिळाला असेल तर तोही. आदेशाआधी कस्टमच्या ताब्यात दिलेला आणि त्यांच्या प्रणालीत नोंदलेला माल ५ जानेवारीपर्यंत जाऊ शकत होता. मात्र बाजारात विकत घेतलेला, शेडवर निवडून ठेवलेला आणि रस्त्यात कंटेनरमध्ये असलेला माल या कुठल्याच ओळीत बसत नव्हता. ज्याने गुरुवारी लिलावात पैसे मोजले, त्याच्या मालाचा बाजार शुक्रवारी देशापुरता उरला.

८ डिसेंबरला नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला आणि लिलाव बंद पडले. पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले, तेही हळव्याच्या ऐन हंगामात. मार्चअखेरची मुदत संपेल या आशेवर अनेकांनी गरवा लावला होता. २२ मार्चला ती बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. मध्यंतरी मुख्यतः मित्रदेशांच्या सरकारांच्या मागणीवरून परवानगी मिळालेला कांदाच जात होता. एप्रिलच्या अखेरीस बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांना परवानगी असल्याचं सरकारने जाहीर केलं. ही निर्यात नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या एकाच संस्थेमार्फत. गावोगावच्या शेडना त्या काळात काम नव्हतं, निवडीच्या पाटावरच्या बायकांना रोज नव्हता.

बंदीने चोरवाटाही निघतात. २०२४ च्या सुरुवातीला नागपूरच्या कस्टम विभागाने टोमॅटोच्या नावाखाली अमिरातीला निघालेले कांद्याचे कंटेनर पकडले. असा माल जप्त होतो, आणि तसं करणाऱ्याबद्दल मला सहानुभूती नाही. त्याच्यामुळे प्रामाणिक निर्यातदाराचेही कंटेनर उघडले जातात.

संध्याकाळी सहा

कंटेनर शेडला लागतो. हमाल पिशव्यांच्या थरांमध्ये हवेला वाट ठेवून रचतात. झडप उघडी राहते, कारण कांद्याला थंडीपेक्षा खेळती हवा जास्त लागते. दारं बंद झाली की कडीत ई-सील बसवते. त्यातल्या चिपचा क्रमांक, कंटेनर क्रमांक आणि शिपिंग बिल क्रमांक एकमेकांशी जोडून ऑनलाइन नोंदवायचे. बंदराच्या दारात यंत्राने सील वाचलं की फोडल्याचं लगेच कळतं. मग वजनकाट्यावर प्रमाणित वजन. ही पावती नसेल तर १ जुलै २०१६ पासून कुठलंही जहाज कंटेनर घेत नाही.

चालक चहा पिऊन निघतो. शिरवळवरून महामार्ग, कात्रज, द्रुतगती मार्ग, घाट, आणि पहाटेपर्यंत बंदराची रांग.

रात्री साडेनऊ

जेवण झाल्यावर दिवसाची फाइल लावते आणि आबांच्या प्रश्नाकडे परत येते, कारण त्याचं उत्तर देणं कुणाचं तरी काम आहे.

सरकारने निर्यातीवर नियंत्रण ठेवूच नये असं मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही कांदा परवडायला हवा. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता बदलली त्यात कांद्याच्या महागाईचा वाटा होता हे कुठलंही सरकार विसरत नाही. आपणच असं करतो असंही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून इजिप्तनेही कांद्याची निर्यात तीन महिन्यांसाठी थांबवली होती. जागतिक व्यापाराचे नियमही अन्नाची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी मान्य करतात. पण त्याच नियमांत, शेतीविषयक कराराच्या १२व्या कलमात, असं करणाऱ्या देशाने शक्य तितक्या आधी लेखी कळवावं असं म्हटलं आहे. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, मात्र तो माल आयातीपेक्षा जास्त निर्यात करणाऱ्या देशाला ती सूट नाही. कांद्यात आपण निर्यातदार आहोत.

आधी कळवण्याची मागणी बाहेरूनही आलेली आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला कांदाबंदी झाली आणि काही दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. अशी पावलं उचलताना आधी कळवलं तर आम्हाला दुसरीकडून सोय करता येईल, असं त्यांनी व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं. त्या वर्षी बांगलादेशने पाकिस्तान, इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा विमानाने आणला. एकदा दुसऱ्या देशाचा माल घ्यायची सवय लागलेला ग्राहक परत येताना भाव पाडूनच येतो. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली.

आणि हे आपल्याच कायद्याने जमत नाही असंही नाही. याच १९९२ च्या कायद्याखाली ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. तिच्यात विशेष रसायनं, यंत्रं आणि तंत्रज्ञान येतं, म्हणजे ज्यांचा वापर शस्त्रांसाठीही होऊ शकतो असा माल. तिथे नियंत्रण कांद्यापेक्षा कितीतरी कडक आहे. कोण विकत घेतोय, शेवटी कोण वापरणार, सगळं तपासून मगच परवाना. तरीही त्या यादीत बदल होतो तेव्हा अनेकदा ३० दिवसांची मुदत दिलेली असते, उद्योगांना तयारी करता यावी म्हणून. क्षेपणास्त्राच्या सुट्या भागांना महिनाभराची सूचना देता येत असेल, तर शेतात उभ्या असलेल्या कांद्याला का नाही?

मला हवं आहे ते एवढंच. किरकोळ भाव कुठल्या आकड्यापलीकडे गेला की शुल्क लागेल आणि कुठल्या आकड्यापलीकडे निर्यात थांबेल, हे हंगामाआधी जाहीर व्हावं. आदेश निघाला तर तो महिन्याने लागू व्हावा. ज्याची खरेदी झाली आणि ज्याचा परदेशी सौदा बँकेत नोंदला गेला, तो माल जाऊ द्यावा. बंदीला शेवटची तारीख दिली तर ती पाळावी, कारण त्या तारखेवर लागणी होतात. यात ग्राहकाचं नुकसान नाही. भाव पडेल या भीतीने शेतकऱ्याने लागण कमी केली की पुढच्या वर्षीची टंचाई आजच पेरली जाते, आणि तिची किंमत शहरातलं तेच स्वयंपाकघर मोजतं.

नेमकं उत्तर नव्हतं, म्हणून आबांना मी दुपारी एवढंच म्हटलं, “निम्म्या रानात कांदा आणि निम्म्यात दुसरं काही घ्या.” त्यांनी मान हलवली, पण हा सल्ला बाजाराचा अंदाज घेऊन दिलेला नव्हता, आदेशाची धास्ती घेऊन दिलेला होता. पाणी, जमीन, रोप आणि राबणारे हात हे सगळं ज्याच्याकडे आहे, त्याने किती पिकवायचं हे त्याच्या मेहनतीवर आणि बाजारावर ठरावं. सरकारने अंकुश जरूर हातात ठेवावा, पण तो कधी आणि किती लागेल हे रोप उपटण्याआधी त्याला सांगावं.